तल्लफ आली की नेमकं करायचं काय? (लाटेसोबत राहण्याचं तंत्र)

अनवाणी | सोमवार, सकाळी १०.१२

तल्लफ तंबाखूची असो, गोडाची असो की मोबाईलची, "मन घट्ट कर" हा सल्ला घरोघरी मिळतो. तंबाखूमुक्तीच्या गटांना शिकवताना मला याच सल्ल्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. तल्लफेशी कुस्ती खेळली की लक्ष चोवीस तास तिच्याकडेच राहतं. म्हणून झुंजायचं नाही, तिचं ऐकायचंही नाही. ती आहे तोवर तिच्याजवळ जागं बसायचं.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी या तंत्राला 'अर्ज सर्फिंग' (urge surfing, म्हणजे उबळीच्या लाटेवर स्वार होणं) म्हटलं. गटात मी 'लाटेसोबत राहणं' म्हणते. कृती अशी:

आधी जागा शोधायची. "मला तंबाखू पाहिजे" हा झाला विचार, त्याच्या मागे जायचं नाही. शरीरात काय चाललंय ते बघायचं. मळून खाणाऱ्याची तल्लफ बहुधा तोंडातच सापडते. जेवण होतं, हात धुतला जातो आणि जीभ खालच्या ओठाच्या आत, रोज तंबाखूचा बार भरायच्या जागी जाऊन टेकते. तिथे पाणी सुटतं. उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरू लागतो, तळवा रिकामा असला तरी. यातली जिथे सगळ्यात जोर आहे ती एकच जागा धरायची.

मग तिथे काय आहे ते साध्या शब्दांत सांगायचं: ताण, ऊब, ओल, कोरड, मुंग्या, दाब. "कसंतरी होतंय" चालणार नाही. केवढ्या जागेत आहे, रुपयाच्या नाण्याएवढ्या की तळहाताएवढ्या? कड कुठे संपते? ठुसठुसतंय की सलग आहे? जोराला ० ते १० मधला आकडा द्यायचा आणि साधारण दर मिनिटाला पुन्हा बघायचा. श्वास चाललाय तसाच चालू द्यायचा. आकडा चढला म्हणून उठायचं नाही, उतरायला लागला म्हणून लगेच सुटकेचा निःश्वास टाकून पळायचंही नाही. तंबाखूची एक लाट बऱ्याचदा ५ ते १० मिनिटांत ओसरते. काही तल्लफा अर्धा तासही घेतात.

शिकवताना गाडी तीन ठिकाणी अडते. लोक हे तल्लफ घालवण्याचं औषध समजतात. काहींना शरीरात काही सापडतच नाही. आणि तिसरा प्रश्न मलाच पडलाय: रागाला, मत्सराला, रडू येण्याला हेच जसंच्या तसं लागू करावं का? जाणकारांनी सविस्तर लिहा.

सुपारीफूल | सोमवार, १०.४०

छान धागा. डोळे मिटून करायचं की उघडे ठेवून? दुकानात गिऱ्हाईक समोर असताना डोळे कसे मिटणार?

अनवाणी | सोमवार, १०.५५

@सुपारीफूल, सरावाला डोळे मिटून, प्रत्यक्षात उघडे ठेवून. गिऱ्हाईक समोर असेल तर मिनिटभराचा प्रकार पुरतो: थांबा, शरीरात बघा, दोन-तीन श्वास नुसते जाणा, मग लक्ष अख्ख्या अंगावर पसरवा (पाय जमिनीवर टेकलेत, हात गल्ल्यावर आहे), आणि मग काय करायचं ते ठरवा. शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. बघून झालं की हाताला पुढचं काम ठरवून द्यावं लागतं, नाहीतर हात आपलं जुनं काम शोधतो.

खाडीकाठ | सोमवार, ११.२०

'सर्फिंग' शब्दाने आपल्या लोकांचा घोटाळा होतो असं माझं मत. फळीवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायचं, म्हणजे पुन्हा जिंकणंच आलं. कोकणात पोराला समुद्रात उभं राहायला शिकवतात ते उदाहरण जास्त बरोबर बसतं. कमरेएवढ्या पाण्यात लाट येताना जो पाय रेतीत रोवून, छाती पुढे काढून उभा राहतो तो आडवा होतो आणि नाकातोंडात पाणी जातं. जो पाठ फिरवून काठाकडे पळतो त्याला लाट मागून उचलून आपटते. जो तोंड लाटेकडे ठेवून अंग सैल सोडतो त्याला ती उचलते आणि जागेवर ठेवून पुढे जाते. तोंड लाटेकडे आणि अंग सैल, दोन्ही एकदम. तंत्र एवढंच आहे.

आणखी एक. लाट फुटायच्या आधीच दिसायला हवी. अंगावर फुटल्यावर सैल होता येत नाही. म्हणून ३-४ आकड्याला असतानाच ओळखायची सवय लावा, ९ ला पोचल्यावर पहिल्यांदा करायला जाऊ नका.

चिमणचारा | सोमवार, ११.३१

खाडीकाठ, जोरदार! वाचनखूण साठवली. आता भरती-ओहोटीचं वेळापत्रकही टाका, गिरगाव चौपाटीवरून करतो सराव. :)

धम्मपथिक | सोमवार, दुपारी १.०५

अनवाणीताई, हे तंत्र आलं कुठून तेही सांगायला हवं. वेदनेतून तृष्णा होते हा पटिच्चसमुप्पादातला, म्हणजे बुद्धांनी सांगितलेल्या कार्यकारणाच्या साखळीतला, दुवा आहे: 'वेदनापच्चया तण्हा'. इथे वेदना म्हणजे दुखणं नव्हे, कोणतीही जाणीव, सुखद, दुःखद किंवा यांपैकी काहीच नसलेली. संवेदना उठते आणि तिच्यावर 'हवं' किंवा 'नको' अशी उडी पडते. सगळा अभ्यास या दोहोंमधल्या फटीत उभं राहण्याचा आहे.

सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ब्रह्मदेशात शिकून सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं होतात. १० दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या टापूत नैसर्गिक श्वास जाणायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, मग डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत संवेदना समतेने, म्हणजे 'हवं-नको' न करता, बघायच्या. म्हणूनच "शरीरात काही सापडत नाही" ही अडचण आम्हाला नवी वाटत नाही. तीन दिवस मन धारदार केल्याशिवाय बारीक संवेदना हाती लागत नाहीत. तुमच्या गटात पाच मिनिटांत शोधायला सांगितलं तर कोरा भाग दिसणारच.

एक मतभेद नोंदवतो. आकडा देणं आणि शब्द लावणं आमच्या परंपरेत बसत नाही. संवेदनेला नाव दिलं की मन नावाशी खेळत बसतं.

पाऊसवेडी_सिएटल | सोमवार, दुपारी १.४०

धम्मपथिक, पूरक माहिती. इथल्या किंग काउंटीच्या नॉर्थ रिहॅबिलिटेशन फॅसिलिटी या तुरुंगात १९९७ पासून गोयंकांच्या पद्धतीची १० दिवसांची शिबिरं झाली. मार्लट यांच्याच गटाने त्यांचा अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतर तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा शिबिर केलेल्यांचं दारू आणि ड्रग्जचं सेवन इतरांपेक्षा कमी होतं. त्यात कोणी शिबिर करायचं हे कैद्यांनी स्वतः ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, ही मर्यादा लक्षात ठेवावी. पुढे याच गटाने ८ आठवड्यांचा 'माइंडफुलनेस-बेस्ड रिलॅप्स प्रिव्हेन्शन' (सजगतेच्या आधारे पुन्हा व्यसनाकडे घसरणं टाळायचं) कार्यक्रम आखला. लाटेचं तंत्र त्यात शिकवतात, आणि अनवाणींनी गिऱ्हाईकासमोरचं सांगितलं तेही त्यातलंच. म्हणजे सिएटलच्या या कामाला इगतपुरीचं पाणी आहेच.

तिसरा_मजला | सोमवार, दुपारी २.१५

उगमाची कथा झाली, पण उपयोग होतो का? "कोणतीही भावना ९० सेकंदांत जाते" असे फॉरवर्ड येतात तेव्हा माझा विश्वास उडतो. ९० सेकंदांत राग जात असता तर भाऊबंदकीचे खटले तीन-तीन पिढ्या चालले नसते.

पाऊसवेडी_सिएटल | सोमवार, दुपारी ३.०२

@तिसरा_मजला, ९० सेकंदांबद्दल सहमत, घड्याळ म्हणून तो आकडा वापरू नयेच. पण दोन अभ्यास बघा.

२००९ मध्ये बोवेन आणि मार्लट यांनी सिगारेट ओढणाऱ्या १२३ विद्यार्थ्यांसमोर सिगारेटची आठवण करून देणाऱ्या गोष्टी ठेवल्या. काहींना हे तंत्र थोडक्यात शिकवलं, बाकीच्यांना नाही. तल्लफेच्या जोरात दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. पण पुढच्या ७ दिवसांत शिकवलेल्यांनी सिगारेटी कमी ओढल्या.

२०१४ चा अभ्यास मोठा, २८६ जणांचा, व्यसनमुक्तीचे सुरुवातीचे उपचार पूर्ण केलेल्यांचा. तिथे तीन गट चिठ्ठ्या टाकतात तसे पाडले होते: हा ८ आठवड्यांचा कार्यक्रम, घसरण टाळायची नेहमीची प्रशिक्षणपद्धत आणि केंद्राचे प्रचलित उपचार. सहा महिन्यांपर्यंत पहिले दोन बरोबरीने चालले. वर्षाच्या शेवटी नशेचे दिवस पहिल्या गटात कमी भरले.

माझ्या मते पहिल्या अभ्यासात अनवाणींच्या पहिल्या अडचणीचं उत्तर आहे. तल्लफ तेवढीच राहिली, हात मात्र थांबला.

अनवाणी | सोमवार, दुपारी ३.३०

अगदी हेच हवं होतं. "उद्देश तल्लफ घालवणं हा नाही" असं सांगितलं की लोकांना ते तत्त्वज्ञान वाटतं. आता १२३ जणांचा हा दाखला देता येईल.

दाबणं आणि बघणं यातला फरक ओळखायची एक खूण आहे. बघणारा दर मिनिटाला काहीतरी नवीन सांगतो: आधी ओठामागे होतं, आता घशाकडे सरकलं, आता पसरट झालं. दाबणाऱ्याला विचारलं तर एकच उत्तर येतं, "आहे अजून." त्याचं लक्ष संवेदनेवर नसतं, घड्याळावर असतं. शिवाय जबडा आवळलेला असतो, खांदे कानाकडे चढलेले असतात. असं दिसलं की मी जबडा सैल करायला सांगते, जीभ टाळूवरून खाली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

कडुनिंब | सोमवार, संध्याकाळी ६.१०

डॉक्टर म्हणून तीन ठिकाणी लाल दिवा दाखवतो. कृपया धाग्याच्या वर चिकटवा.

पहिला, दारू. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर ६ ते २४ तासांत हाताला कंप, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांच्या सुमारास भ्रम होऊन माणूस बरळू लागतो, आणि हे जिवावर बेततं. ही तल्लफेची लाट नाही, हा आजार आहे. तिथे श्वास बघत बसायचं नाही, दवाखान्यात जायचं. तंत्र त्यानंतरचं.

दुसरा, मधुमेह. इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक गोडाची ओढ, थरथर, घाम आणि धडधड आली तर आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. मीटर हाताशी नसेल तरी साखर घ्यायची. या ओढीशी 'सोबत राहणं' म्हणजे बेशुद्धीची वाट बघणं.

तिसरा, जुना आघात किंवा पॅनिकचे झटके. अशांना छातीत, पोटात लक्ष न्यायला सांगितलं की घाबरण्याला आणखी इंधन मिळतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष तळपायांवर किंवा पंख्याच्या आवाजावर ठेवावं, आणि हे समुपदेशकाच्या सोबतीने करावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येतं.

तंबाखूसाठी आणखी एक सांगतो. निकोटिनच्या च्युइंगगमसोबत हे तंत्र चालतं, एकाने दुसरं बाद होत नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला बार भरणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २. गम चॉकलेटसारखा चघळत राहायचा नसतो. चव तिखट झाली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा चार-पाच वेळा चावायचा, असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं चहा-कॉफी नको, तोंडातल्या आम्लाने निकोटिन शोषलं जात नाही. "गम खाऊन फरक पडला नाही" म्हणणारे बरेच जण तो चहाबरोबर खात असतात.

मेथीदाणा | सोमवार, संध्याकाळी ६.४४

डॉक्टर, मधुमेहाचा मुद्दा लाखमोलाचा. घरच्यांनीही वाचावा, कारण "पथ्य मोडतोय" म्हणून हातातला पेढा काढून घेणारे तेच असतात.

चिमणचारा | सोमवार, संध्याकाळी ७.०५

तल्लफ आली की आधी चार प्रश्न विचारावेत असं व्यसनमुक्तीवाले सांगतात: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकवा आलाय का. इंग्रजीत त्याचा 'हॉल्ट' होतो. मराठीत आद्याक्षरं जोडली तर 'भूराएथ'. एखाद्या राक्षसाचं नाव वाटतं, पण लक्षात राहतं! भूक असेल तर पोळी-भाजी खा, झोप अपुरी असेल तर झोपा. प्रत्येक ओढीला ध्यानाला बसवायची गरज नाही.

अनवाणी | सोमवार, संध्याकाळी ७.२०

भूराएथ उद्यापासून गटात. :)

धम्मपथिक | सोमवार, रात्री ९.१५

डॉक्टरसाहेब, आघाताच्या मुद्द्याशी सहमत. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजारांची माहिती विचारतात ती याचसाठी. ती लपवू नये.

शब्द लावण्याबद्दल मीच थोडं पुढे लिहितो, कारण दुपारचं वाक्य एकांगी होतं. ब्रह्मदेशातच महासी सयादव यांच्या पद्धतीत नोंद घेणं हाच पाया आहे. पोट वर गेलं की 'वर', खाली गेलं की 'खाली', हाव दिसली की 'हाव, हाव'. आणि सतिपट्ठान सुत्तातही (बुद्धांच्या सजगतेवरच्या उपदेशातही) मनात राग असेल तर 'हे रागयुक्त चित्त आहे' असं जाणायला सांगितलंय. (पालीतला 'राग' म्हणजे आसक्ती. मराठीतल्या रागाला तिथे 'दोस' म्हणतात. या एका शब्दावरून मराठी वाचकांची फार गल्लत होते.) त्यामुळे नोंद परंपरेबाहेरची नाही, आमच्या शाखेत नाही एवढंच.

तिसरा_मजला | मंगळवार, सकाळी ८.३०

नाव दिल्याने काय होतं यावर लॉस एंजेलिसला लिबरमन यांचं २००७ चं काम आहे. माणसांना चिडलेले, घाबरलेले चेहरे दाखवून भावनेचं नाव निवडायला लावलं तर मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती, धोका टिपणाऱ्या भागाची) हालचाल मंदावते. त्याच चेहऱ्यांना 'हा पुरुष, ही स्त्री' असं लिंगानुसार नाव जोडायला लावलं तर तसं होत नाही. म्हणजे शब्द भावनेचाच हवा. पण शब्द एक हवा, निबंध नको. 'चीड' पुरे. 'त्याने मुद्दाम केलं म्हणून आलेली चीड' म्हटलं की खटला सुरू.

आणि दाबण्याबद्दल वेग्नर यांचा १९८७ चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग इथे चपखल बसतो. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावरही ते पुन्हापुन्हा आठवत राहिलं, आणि नंतर विचार करायची मुभा दिल्यावर ते जास्तच आलं. "तंबाखूचा विचारच नको" म्हणणारा दिवसभर तेच अस्वल पाळतो.

सुपारीफूल | मंगळवार, ९.००

मग तंबाखू सोडताना सांगतात ते "थांबा, पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, दुसऱ्या कामाला लागा" हे चुकीचं का?

अनवाणी | मंगळवार, ९.४०

चुकीचं मुळीच नाही. कोणतं कधी, एवढाच प्रश्न. आकडा ८ च्या वर असेल आणि समोर कोणी मळत बसलं असेल तर आधी तिथून उठायचं, पाणी प्यायचं, चालायला लागायचं. ३ ते ७ मध्ये असेल आणि जागा सुरक्षित असेल तेव्हा लाटेसोबत राहायचं. फक्त लक्ष वळवणं शिकलेला माणूस मोकळ्या वेळेत सापडतो. रात्री साडेतीनला जाग आली तर कुठल्या कामाला लागणार?

'दीर्घ श्वास' मात्र जपून. लोक धाप लागल्यासारखे भराभर खोल श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि माणूस म्हणतो "तंबाखू सोडल्यामुळे असं होतंय." मुद्दाम घ्यायचाच तर सोडणं लांब ठेवा, घेणं साधं, आणि पाच-सहा वेळा पुरे.

कडुनिंब | मंगळवार, १०.०५

+१. त्यातच मशेरी लावणाऱ्या बायकांचा विचार बहुतेक सल्ल्यांत नसतो. त्यांची तल्लफ जेवणानंतर येत नाही, पहाटे येते, पोट साफ होण्याशी जोडलेली असते. "मशेरी लावल्याशिवाय होत नाही" यात तथ्य आहे, निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते. तिथे लाटेसोबत कोमट पाणी, भाज्या आणि इसबगोलही लागतं. ते न सांगता नुसतं ध्यान सांगितलं तर चौथ्या दिवशी मशेरीचा तवा पुन्हा चुलीवर चढतो.

अनवाणी | मंगळवार, १०.१५

डॉक्टर, हे नोंदवून घेतलं. मशेरीवाल्यांसाठी वेगळं सत्रच घ्यायला हवं.

खाडीकाठ | मंगळवार, ११.१०

दोन धोके कोणी लिहिले नाहीत.

एक, सोडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत लाटा मोठ्या होतात. तंबाखूचं विथड्रॉवल (सोडल्यावर होणारा त्रास) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला असतं आणि बऱ्याच जणांचं दोन ते चार आठवड्यांत उतरतं. शिवाय ज्या सवयीला खाऊ मिळणं बंद होतं ती जाण्याआधी एकदा जोरात उसळते. भाजीवाल्याच्या दारातल्या गाईला रोजचा पाला देणं बंद केलं की पहिले काही दिवस ती जास्त ढुशा देते, तसंच. त्या उसळीला "तंत्र फसलं" समजून खाऊ दिला तर ढुशी मारल्यावर मिळतं हे ती शिकते.

दोन, घसरल्यानंतरचं. एकदा बार भरला की मनात येतं, "गेलंच सगळं, आता काय उरलंय", आणि पुडी संपते. मार्लट यांनी या मनःस्थितीवरच बरंच काम केलं. एका बारापेक्षा ती हताशा जास्त नुकसान करते. म्हणून घसरलात तर तिथेच बसून त्या शरमेचीही जागा शोधा: कान गरम, पोटात गोळा, मान खाली. तिलाही आकडा द्या. ती लाटच आहे.

मेथीदाणा | मंगळवार, दुपारी १२.२०

खाडीकाठ, शरमेचा परिच्छेद छापून ठेवण्यासारखा आहे.

सराव कशावर करायचा याबद्दल लिहिते. खऱ्या तल्लफेवर पहिला धडा गिरवू नये. खाज उत्तम. दहा मिनिटं शांत बसा, नाकाच्या शेंड्याला खाज येतेच. हात न उचलता बघा, टोचणं, पसरणं, विझणं सगळं दोन मिनिटांत दिसतं. (डास असेल तर खुशाल हाकला, डेंग्यूशी समता नको.) दुसरा सराव चहाचा. वाफाळता कप दोन्ही हातांत धरा, ओठांपर्यंत न्या आणि एक मिनिट थांबा. गिळायची तयारी घशात कशी होते ते स्पष्ट जाणवतं. तिसरा, मोबाईलची टुण् वाजली की तीन श्वास हात न लावणं. रोज दहा मिनिटं बसून आणि दिवसात पाच-सहा वेळा असं उभ्या उभ्या, दोन आठवडे केलं की "शरीरात काही सापडत नाही" म्हणणाऱ्यांनाही सापडू लागतं.

धम्मपथिक | मंगळवार, १२.५०

आणि सापडलं नाही तर 'काही नाही' हीसुद्धा नोंद घ्यावी. कोऱ्या भागावर मिनिटभर थांबून पुढे जायचं, हे आम्हालाही सांगतात. ओढून ताणून संवेदना तयार करायची नाही.

तिसरा_मजला | मंगळवार, दुपारी २.३०

अनवाणी, तुमचा तिसरा प्रश्न बाजूलाच राहिला. राग.

माझं मत: जसंच्या तसं लागू होत नाही. तंबाखूची लाट डोक्यात फार बोलत नाही. राग सतत बोलतो. 'तो असं म्हणाला, मी असं म्हणायला हवं होतं' हा संवाद मनात एकदा फिरला की नवी लाट उठते. म्हणून राग तासभर टिकला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा वीस छोट्या लाटा असतात, आपणच उठवलेल्या. शरीरातली जागा (कानशिलं, जबडा, मुठी) बघायचीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे संवाद पुन्हा सुरू झाला तो क्षण पकडून 'उगाळणं' एवढं म्हणायचं आणि जबड्यावर परत यायचं. वीस वेळा सुरू झाला तर वीस वेळा परत.

धम्मपथिक | मंगळवार, ३.१०

सुंदर. यात भर म्हणून गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ६२ वा श्लोक आठवा. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, आणि कामातून क्रोध, असा क्रम आहे. रागाच्या खाली काहीतरी हवं असतं आणि ते मिळालेलं नसतं. संवेदना जरा निवल्यावर 'काय हवं होतं?' असं एकदाच विचारावं. मान? विश्रांती? कोणी ऐकून घेणं? ते सापडलं की जबडा बऱ्याचदा आपणच सुटतो.

मेथीदाणा | मंगळवार, ३.४५

रडू येण्याचं मात्र वेगळं ठेवा. दुःखात कशाचा तरी हात थांबवायचा नसतो. माणूस गेल्यावर येणारं रडू ही तल्लफ नाही, त्याला आकडे देत बसणं क्रूर आहे. रडू द्यावं.

अनवाणी | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

मेथीदाणा, मान्य, पूर्ण मान्य. मी प्रश्नात तिन्ही एका ओळीत ठेवले हे चुकलंच.

तुम्हा सगळ्यांचं वाचून माझ्यापुरतं असं ठरलं: रागावर हे तंत्र वापरताना राग बघायचा नाही, रागाने जे *करावंसं* वाटतंय ती उबळ बघायची. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहून झालंय, अंगठा पाठवायच्या बाणाच्या वर अर्ध्या इंचावर तरंगतोय. अंगठ्याच्या पेरात जो ताण आहे तो धरायचा. ती उबळ तंबाखूसारखीच चढते आणि उतरते. राग मागे राहिला तरी चालेल, त्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी करता येतं. मत्सरालाही हेच: दुसऱ्याचा फोटो पुन्हा उघडून बघावासा वाटतो ती उबळ.

गटातल्या तक्त्यात आता एक रकाना वाढवते. वेळ, ठिकाण, भूराएथपैकी काय, शरीरात कुठे, सर्वांत जास्त आकडा, किती मिनिटं, आणि नवा: 'काय करावंसं वाटलं'. शेवटी 'काय केलं'. बार भरला असेल तरी तसं लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही.

सुपारीफूल | मंगळवार, संध्याकाळी ६.०२

तक्ता मोबाईलवर ठेवला तर चालेल का?

अनवाणी | मंगळवार, ६.१०

कागदावर. मोबाईल उघडला की दुसरीच लाट येते. पाठकोरा कागद चार घड्या घालून, छोटी पेन्सिल सोबत, आणि चुन्याची डबी असायची त्याच खिशात. हात सवयीने तिथेच जाणार आहे.